नसलेल्या अवयवाची वेदना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानमालेसाठी माझे नाव सुचविले गेले तेव्हा मी स्वाध्यायाचा एखादा विषय घेईन, अशी आपली अपेक्षा असणार. मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे सारे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. तरीही आज मी मेंदूविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, त्याला आपल्या संस्थेचे कृत्रिम पाय बसविण्याचे शिबिर कारण झाले. माप देऊन बसलेला एक वयस्क हमाल आपल्या स्वयंसेवकाला म्हणाला, "शेठ, नवा पाय चांगलाच होईल हो, पण जुन्या पायाचा अंगठा रात्रभर पिळवटतो, त्याचं काय करू?" त्याचा पाय गुडघ्याखालून तीन वर्षांपूर्वीच कापलेला होता. आजूबाजूचे हसले. एकाने सांगितले, हे मनाचे खेळ आहेत, विसरून जा. दुसऱ्याने सांगितले, असातावेदनीय कर्माचा उदय आहे, समताभावाने सोसा. तो मनुष्य ओशाळला आणि गप्प झाला.

त्याला मिळालेली ही दोन्ही उत्तरे मला टोचत राहिली. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचले, दोन डॉक्टर स्नेह्यांकडून समजून घेतले आणि तेच आज आपणापुढे ठेवीत आहे.

हात किंवा पाय कापला गेल्यानंतरही तो आहे असे वाटणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. बहुतेक सर्वांना काही काळ तरी तसे वाटते. तो अवयव विशिष्ट स्थितीत आहे, मूठ वळली आहे, बोटांना खाज सुटली आहे, पाऊल थंड पडले आहे, अशी त्यांची जाणीव अगदी स्पष्ट असते. त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना त्या नसलेल्या अवयवात वेदनाही होतात. कोणाला जळजळ, कोणाला विजेचा झटका बसावा तशी कळ, तर कोणाला नखे तळहातात रुतत असल्याचा भास. भास हा शब्द मी अवयवापुरताच वापरतो. वेदना हा भास नव्हे. पाय नाही, पण दुखणे आहे, आणि ते दुखणे ज्याला होते त्याच्यासाठी आपल्या दाढदुखीइतकेच खरे आहे.

फ्रान्समधील लष्करी शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी सोळाव्या शतकातच याची नोंद केली होती. परंतु या प्रकाराला नाव मिळाले ते अमेरिकेतील यादवी युद्धानंतर. त्या युद्धात हजारो सैनिकांचे हातपाय कापावे लागले. फिलाडेल्फियाचे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी अशा सैनिकांवर उपचार केले. त्यांनी सन १८६६ मध्ये 'अटलांटिक मंथली' या मासिकात स्वतःचे नाव न घालता एक कथा लिहिली. तिचा नायक युद्धात दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावतो. कथा इतकी हुबेहूब वठली की वाचकांनी ती खरी मानली आणि त्या नायकासाठी पैसे गोळा केले. जो मनुष्य जन्मालाच आला नव्हता, त्याच्यासाठी वर्गणी! देणगीदारांचा भोळेपणा सर्व देशांत सारखाच, हे पाहून मला थोडे समाधान वाटले. पुढे सन १८७१ मध्ये मिचेल यांनी उघडपणे लेख लिहून या अनुभवाला 'फँटम लिम्ब' असे नाव दिले. फँटम म्हणजे भूत. मी मात्र त्याला भासमान अवयव म्हणणार आहे, कारण दुखणाऱ्या माणसाला भूत लागल्याचे सांगणे बरे नव्हे.

धर्मसभेत या विषयाला एक फाटा फुटण्याचा संभव असतो, म्हणून त्याचा आधीच विचार करू. इंग्लंडचा प्रसिद्ध दर्यासारंग नेल्सन याचा उजवा हात सन १७९७ मध्ये टेनेरीफ बेटावरील लढाईत गेला. त्यानंतरही त्याला तो हात जाणवत असे. शरीराचा भाग नष्ट होऊनही त्याची जाणीव उरते, त्या अर्थी आत्म्याचे अस्तित्व सिद्ध होते, असे तो म्हणे, असे सांगितले जाते. आपल्यापैकी काहींना हा युक्तिवाद आवडेल. मला तो आवडत नाही. आपल्या सिद्धान्तानुसार आत्मा देहप्रमाण आहे. दिव्याचा प्रकाश जसा लहान खोलीत आकुंचन पावतो आणि मोठ्या खोलीत पसरतो, तो दृष्टान्त तत्त्वार्थसूत्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मग कापून गेलेल्या हाताच्या जागी आत्म्याचा हात तसाच उरतो, ही कल्पना आपल्याच तत्त्वाशी जुळत नाही. आत्म्याच्या सिद्धीसाठी जखमी सैनिकाच्या दुखण्याची साक्ष काढण्याची आपल्या धर्माला गरजही नाही. हे दुखणे कोठून येते याचा शोध शरीरातच घ्यावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

तो शोध मेंदूपर्यंत नेण्यात कॅनडातील मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचा मोठा वाटा आहे. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. म्हणून अपस्माराच्या रुग्णांची शस्त्रक्रिया पेनफिल्ड रुग्णाला जागे ठेवून करीत. मेंदूच्या पृष्ठभागावर एकेका ठिकाणी विजेचा अतिसौम्य स्पर्श करायचा आणि रुग्णाला काय जाणवते ते विचारायचे. कोणी सांगे अंगठ्याला मुंग्या आल्या, कोणी सांगे ओठाला स्पर्श झाला. अशा नोंदींवरून त्यांनी सन १९३७ मध्ये शरीराचा मेंदूतील नकाशा प्रसिद्ध केला. माथ्यापासून कानाच्या दिशेने खाली येणारी ही पट्टी आहे. शरीराच्या डाव्या बाजूची पट्टी मेंदूच्या उजव्या भागात असते आणि उजव्या बाजूची डाव्या भागात. त्यात पाठीला जागा थोडी; हाताची बोटे आणि ओठ यांना मात्र भरपूर. कापडावर नुसता अंगठा फिरवून सुताची प्रत सांगणाऱ्यांना हे नवल वाटणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे. या नकाशात हाताच्या शेजारी खांदा वा छाती येत नाही. शेजारी येतो तो चेहरा.

व्यापारी मंडळींना समजेल अशा भाषेत सांगतो. शरीराचा प्रत्येक भाग ही एक शाखा समजा आणि मेंदू ही मुख्य पेढी. प्रत्येक शाखेचे पेढीच्या खतावणीत स्वतंत्र पान आहे. बोटाला टाचणी टोचली की टपाल पेढीवर येते, बोटाच्या पानावर नोंद होते आणि मग आपण म्हणतो, बोट दुखले. दुखण्याची नोंद पेढीवर होते, बोटावर नव्हे. आता शाखा जळून गेली, तिच्याकडून टपाल येणे थांबले, तर खतावणीतल्या तिच्या पानाचे काय होते? साऱ्या शास्त्रीय वादाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

याचे पहिले मोठे उत्तर ज्या मार्गाने आले तो मार्ग आपणापासून लपविणे मला योग्य वाटत नाही. अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सिल्व्हर स्प्रिंग येथे एका प्रयोगशाळेत माकडे ठेवली होती. त्यांतील अनेकांच्या हाताच्या संवेदना पोहोचविणाऱ्या नसा कण्याजवळ कापलेल्या होत्या. एका तरुण प्राणिमित्र कार्यकर्त्याने तेथे काम करण्याच्या निमित्ताने राहून छायाचित्रे घेतली आणि सन १९८१ मध्ये पोलिसांनी छापा घालून १७ माकडे ताब्यात घेतली. पिंजऱ्यांची अवस्था आणि संवेदना हरपलेल्या हातांच्या जखमा यांची वर्णने मी वाचली. ती येथे सांगणार नाही. खटला झाला, प्रमुख संशोधक एडवर्ड टाऊब एका आरोपात दोषी ठरले. पुढे केंद्र सरकारच्या निधीवर चालणाऱ्या संशोधनाला राज्याचा तो कायदा लागू नाही म्हणून तेही रद्द झाले. माकडे मात्र अनेक वर्षे कोठडीतच राहिली. अखेर त्यांतील काहींवर भूल देऊन शेवटचा प्रयोग झाला. नसा कापून १२ वर्षे उलटलेली होती. मेंदूच्या नकाशातील हाताची जागा आता मूक असावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात माकडाच्या चेहऱ्याला स्पर्श करताच हाताची जागा जागी होऊ लागली. टिमथी पॉन्स आणि सहकाऱ्यांनी हे सन १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. बंद शाखेच्या पानावर शेजारच्या शाखेचा जमाखर्च सुरू झाला होता.

अहिंसेला परम धर्म मानणाऱ्या आपण अशा ज्ञानाचे काय करावे? त्याचा लाभ घेऊ नये म्हणावे, तर याच टाऊब यांनी पुढे पक्षाघाताच्या रुग्णांसाठी चांगला हात बांधून ठेवून दुबळ्या हाताकडून काम करवून घेण्याची उपचारपद्धती विकसित केली आणि तिचा अनेकांना उपयोग होत आहे. लाभ घ्यावा म्हणावे, तर ती १७ माकडे डोळ्यांपुढून हलत नाहीत. मी या प्रश्नाचा निकाल लावू शकलेलो नाही. एवढे मात्र सांगतो की, हिंसेतून आलेले हे उत्तर पुढे अपुरे ठरले. त्याकडे मी येतोच.

माकडांवरील निष्कर्ष वाचून कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे असलेल्या एका भारतीय डॉक्टरांनी साधा विचार केला : मग माणसाच्या गालाला हात लावून पाहावे. हे डॉ. विलयनूर रामचंद्रन. चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर आणि घटना समितीतील नामवंत विधिज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे नातू. मोटार अपघातात डावा हात गमावलेला एक सतरा वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याचे डोळे बांधले आणि कापसाचा बोळा त्याच्या शरीरावर ठिकठिकाणी फिरविला. गालावर फिरविला तेव्हा मुलाने सांगितले, गालाला स्पर्श झाला आणि गेलेल्या हाताच्या अंगठ्यालाही. वरच्या ओठावर तर्जनी जाणवली. गालावरून पाण्याचा ओघळ सोडला तर तो नसलेल्या हातावरून वाहत असल्याचे त्याला वाटले. त्या हाताला खाज सुटली की गाल खाजवावा, हा उपाय त्याला त्या दिवशी सापडला. कोट्यवधींच्या यंत्राचे काम एका कापसाच्या बोळ्याने केले, आणि कोणत्याही जीवाला दुखावले नाही.

तेव्हापासून पुस्तकांत असे छापले जाऊ लागले की, अवयव गेला की मेंदू आपला नकाशा नव्याने आखतो. सन १९९५ मध्ये जर्मनीतील हेर्टा फ्लोर आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, ज्यांच्या नकाशात हा सरकण्याचा प्रकार अधिक, त्यांना भासमान अवयवाची वेदनाही अधिक. चित्र पूर्ण झाल्यासारखे वाटले.

परंतु काही गोष्टी जुळत नव्हत्या. त्या मुलाचा हात जाऊन चारच आठवडे झाले होते; इतक्या थोड्या काळात मेंदूत नवे धागे विणले जातील कसे? शिवाय गालाला हात लावल्यावर हात जाणवतो असा अनुभव सर्वांना येत नाही. सन २०१३ मध्ये तामार माकिन आणि सहकाऱ्यांना तर उलटच आढळले. ज्यांची वेदना तीव्र, त्यांच्या मेंदूत गेलेल्या हाताची जागा अधिक शाबूत दिसली. रुग्णांना नसलेली बोटे हलवायला सांगितली की त्यांच्या मेंदूतील हाताचा भाग एखाद्या धडधाकट माणसासारखा काम करी.

निर्णायक वाटणारा अभ्यास सन २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंतच्या अभ्यासात एक मोठी उणीव होती. हात गेल्यानंतरचा मेंदू पाहिला जाई, पण त्याच माणसाचा आधीचा मेंदू कोणी पाहिलेला नसे. आरंभीची शिल्लकच ठाऊक नसेल, तर अखेरच्या शिल्लकेवरून नफातोटा काढणार कसा? इंग्लंड आणि अमेरिकेतील संशोधकांनी वैद्यकीय कारणासाठी ज्यांचा हात कापावा लागणार होता अशा तीन व्यक्तींना आधीच गाठले आणि त्यांच्या संमतीने मेंदूची चुंबकीय छायाचित्रे घेतली. शस्त्रक्रियेनंतर पुनःपुन्हा घेतली. काहींची पाच वर्षांपर्यंत. हाताचा नकाशा होता तेथेच, होता तसाच राहिला. ओठाच्या भागाने हाताच्या जागेवर अतिक्रमण केलेले दिसले नाही. इतकेच नव्हे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या छायाचित्रांवर शिकविलेला संगणक नंतरच्या छायाचित्रांवरून नसलेले कोणते बोट हलत आहे ते ओळखू शकला.

म्हणजे शाखा जळाली, तरी पेढीवरचे तिचे पान कोणी फाडले नाही, की शेजाऱ्याला दिले नाही. मग शेजारच्या शाखेचे टपाल त्या पानावर कसे पोहोचते? एक शक्यता अशी मांडली जाते की, दोन्ही पानांमध्ये पूर्वीपासूनच बारीक देवाणघेवाण होती; मुख्य शाखेच्या गजबजाटात ती ऐकू येत नव्हती, गजबज थांबली आणि ती ऐकू येऊ लागली. तीन व्यक्ती म्हणजे काही फार नव्हेत आणि मेंदूशास्त्रज्ञांतील हा वाद अजून मिटलेला नाही. अशा प्रसंगी अनेकान्तवादाचे नाव घेऊन दोन्ही बाजू खऱ्या म्हणून मोकळे होण्याचा मोह आपल्या व्यासपीठांवर फार होतो. मला तो पटत नाही. कोणत्या अपेक्षेने काय खरे, हे शोधण्याचे कष्ट केल्याशिवाय अनेकान्ताचे नाव घेणे म्हणजे हिशेब न तपासता सही करणे होय.

रुग्णाच्या दृष्टीने या वादाला अर्थ आहे. नकाशा मोडला म्हणून वेदना होते, असे समजून तो पुन्हा जागेवर आणण्याचे उपचार बेतले गेले. नकाशा मोडलेलाच नसेल, तर वेदनेचे मूळ अन्यत्रही शोधावे लागेल : कापलेल्या नसांच्या टोकांना येणाऱ्या गाठींत, कण्यातील मज्जारज्जूत, शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घकाळ सोसलेल्या दुखण्यात. नसांच्या टोकांची शस्त्रक्रियेच्या वेळीच वेगळी व्यवस्था लावण्याच्या पद्धती आता प्रचारात येत आहेत. नसांच्या वेदनेवरची औषधेही आहेत. ती सर्वांना सारखी लागू पडत नाहीत, पण ती आहेत हेच पुष्कळ रुग्णांना ठाऊक नसते. त्यांना कोणी विचारलेलेच नसते, आणि हसतील म्हणून ते सांगत नाहीत.

एक उपाय अगदी स्वस्त आहे. तोही डॉ. रामचंद्रन यांचाच. चांगल्या हातासमोर उभा आरसा असा ठेवायचा की, त्याचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसावे. मग चांगल्या हाताची मूठ सावकाश उघडायची. डोळ्यांना दिसते की दोन्ही मुठी उघडल्या, आणि काहींच्या बाबतीत वर्षानुवर्षे आवळलेली भासमान मूठ सैल पडते. वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात पाय गमावलेल्या सैनिकांवर याची चाचणी झाली. ती सन २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे. तीन गट केले : एकाला आरसा, दुसऱ्याला झाकलेला आरसा, तिसऱ्याला केवळ मनातल्या मनात हालचाल. १८ जणांनी चाचणी पूर्ण केली. उघड्या आरशाच्या गटातील सहाही जणांची वेदना कमी झाली. उरलेल्या दोन गटांत बहुतेकांना उतार पडला नाही, काहींची वेदना वाढली. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. आरसा हा रामबाण उपाय नव्हे. पण त्याला लागणारा खर्च आपल्या एका दिवसाच्या हारतुऱ्यांपेक्षा कमी आहे.

कृत्रिम पायाच्या कार्यात आपल्या समाजाचा वाटा अभिमानास्पद आहे. जयपूर येथे सन १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा पाय घडविला की, माणूस अनवाणी चालू शकेल, उकिडवा बसू शकेल, शेतातल्या चिखलात उतरू शकेल. तो गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविण्यासाठी श्री. डी. आर. मेहता यांनी सन १९७५ मध्ये, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. आपल्यातील शेअरबाजारवाले त्यांना 'सेबी'चे माजी अध्यक्ष म्हणून ओळखतात. आपल्या शिबिराची प्रेरणाही तीच. माझे म्हणणे एवढेच की, आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांपैकी आपण पाय देताना औषधदान अर्धेच करतो. आपल्या नोंदणीच्या छापील तक्त्यात नाव, वय, पत्ता, पायाचे माप इतके रकाने आहेत. दुखण्याचा रकाना नाही. असातावेदनीयाचा उदय सोसायचा, तो ज्याच्या त्याने आपल्यापुरता. दुसऱ्याच्या वेदनेला तेच उत्तर देणे ही समता नव्हे, ती टाळाटाळ आहे.

म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे. पुढील शिबिराच्या तक्त्यात दोन प्रश्न वाढवावेत : उरलेल्या भागात दुखते काय, आणि गेलेल्या भागात दुखते काय? ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचे कारण पायाचे माप चुकणे, जखम किंवा नसेची गाठ असू शकते आणि ते डॉक्टरांनी हाताने तपासून पाहता येते. दुसऱ्यासाठी एक भौतिकोपचारतज्ज्ञ शिबिरात बसवावा. त्याच्याजवळ चार फूट लांब, दीड फूट रुंद असे काही आरसे असावेत आणि गरजूंना ते घरी न्यायला द्यावेत. त्यांचा खर्च उचलण्यास आमची पेढी तयार आहे, तो आकडा मी चिटणीसांकडे दिला आहे.

आरसे घेताना एका गोष्टीकडे लक्ष असू द्यावे. आपल्या शिबिरात येणाऱ्यांपैकी अनेकांचा पाय मधुमेहाने गेलेला असतो, आणि गादीवर बसून आयुष्य काढणाऱ्या आपल्या समाजालाही तो आजार परका नाही. अशा रुग्णाला जो पाय नाही त्याच्या वेदना रात्रभर जागवितात, आणि जो पाय आहे त्याला काटा रुतला तरी कळत नाही. तेव्हा आरशांच्या कडा नीट घासून, वर जाड कापडी पट्टी लावून घ्यावी. पट्टीचे कापड आमच्या दुकानातून येईल.

जय जिनेंद्र.